नजरेतला ज

फोरबर्ग या डच शहरातल्या एका तंत्रशिक्षणाच्या कॉलेजात, फाटकाजवळच्या केबिनमध्ये जयप्रकाशची सोळा वर्षं गेली. त्याच्या हुद्द्याला इथे कॉन्सिएर्ज म्हणतात. नाव भारी, काम साधं. सकाळी सहाला फाटक उघडायचं, बॉयलर बघायचा, गळका नळ बदलायचा, पार्किंगवर लक्ष ठेवायचं. एकाच कामाला दुसऱ्यांदा हात लावावा लागला, तर पहिल्यांदा ते झालंच नव्हतं, असं तो मानायचा. दुसऱ्यांनाही हाच न्याय लावायचा, त्यामुळे त्याचे मित्र थोडे.

मूळचा मिरजेकडचा. फाउंड्रीत फिटर होता, मग जहाजावर इंजिनरूममध्ये लागला, आणि सत्याऐंशी साली रॉटरडॅमला उतरला तो कायमचाच. स्खीडामच्या गोदीत सतरा वर्षं जहाजं दुरुस्त केली. गोदी बंद पडली आणि उजव्या खांद्यानंही त्याच सुमाराला राजीनामा दिला. मग ही केबिन.

केबिनमध्ये बसून त्याला एक नाद लागला. इथल्या नंबरप्लेटवर स्वर नसतात. अक्षरं जुळून भलताच शब्द होऊ नये, म्हणून स्वर आधीच काढून टाकलेत. डच माणसाला ती तीन-चार व्यंजनं म्हणजे नुसती खडखड. पण जयप्रकाश मराठी शाळेत शिकलेला. त्याच्या व्यंजनात अ मुळातच बसलेला असतो. एस, आर, एल दिसलं की तो वाचायचा, सरळ. के, पी, टी म्हणजे कपट. भूगोल शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या गाडीवर पी-टी, पी-टी होतं. पटपट. त्या बाई आयुष्यात कधी वीसच्या वर गेल्या नसतील.

दोनशे गाड्या तो शब्दांवरून ओळखायचा. माणसांची नावं त्याला पाठ नव्हती आणि करायचीही नव्हती.

दोन हजार अठरा साली खासगी माहितीचा कायदा आला. इमारतीची व्यवस्था बघणारी मार्लूस केबिनमध्ये आली. तिनं सांगितलं, नंबर वाचून आपोआप उघडणाऱ्या बॅरियरच्या यादीत यापुढे फक्त गाडीचा नंबर राहील, नाव राहणार नाही. बाहेरून येणाऱ्यांचे नंबर महिनाअखेर आपोआप पुसले जातील. कुणीही स्वतःची वेगळी यादी ठेवायची नाही.

जयप्रकाशच्या टेबलावर एक वही होती. कुणाची गाडी दिवे चालू ठेवून उभी आहे, कुणी अपंगांच्या जागेत लावली, हे तो त्यात नंबर घालून लिहायचा. तिनं वहीवर बोट ठेवलं. त्यानं ती घरी नेली आणि दोन दिवस बसून नवी केली. एबीसीडीतलं एकही अक्षर ठेवलं नाही. सगळं मराठीत, आकडेसुद्धा.

पुढच्या खेपेला मार्लूसनं ती उघडून पाहिली. “जयप्रकाश, हे काय आहे?”

“शब्द आहेत. माझ्या भाषेतले.”

“यात गाड्यांचे नंबर नाहीत ना?”

“तूच वाच की.”

ती हसली आणि वही मिटून गेली. कायदा पाळला गेला, कामही अडलं नाही. आपण फार चोख काम केलं, असं जयप्रकाशला तेव्हा वाटलं होतं.

कोरोनाच्या पहिल्या वर्षी डिसेंबरात कॉलेज पुन्हा बंद झालं. दोनशे गाड्यांच्या जागी आठ-दहा येऊ लागल्या. त्यात एक लहानशी करडी गाडी नवीन होती. तिच्यावरचा शब्द वाचून जयप्रकाशनं केबिनची काच खाली केली. गाडीतला मुलगा तिशी ओलांडलेला, दाढी वाढलेला. तो डचमध्ये काहीतरी सांगणार, तेवढ्यात त्याला केबिनमधल्या रेडिओवरचं मराठी ऐकू आलं.

“काका, तुम्ही मराठी?”

“तुझी गाडी पण मराठी आहे. काय लिहिलंय बघितलंस का कधी?”

जयप्रकाशनं त्याला खेळ समजावून सांगितला. मुलगा खाली उतरून आपल्याच गाडीपुढे उभा राहिला आणि हसायला लागला.

“नजर. च्यायला, चार वर्षं चालवतोय. आई व्हिडिओवर रोज सांगते, गाडीला काळी बाहुली बांध म्हणून. आता तिला सांगतो, नावच नजर आहे, आणखी कोण लावणार?”

त्याचं नाव गंधार. नाशिकचा. डेल्फ्टला शिकला आणि इथेच राहिला. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक जुनं मशीन होतं. धातूची पट्टी धरून ती सेकंदाला एकदा वाकवायची, पुन्हा सरळ करायची. किती वेळा वाकल्यावर पट्टी तुटते ते मोजायचं. वर्कशॉपचे मास्तर गंधारला ओळखत होते. मशीन रिकामंच पडलंय, वापर म्हणाले. कागदावर काही नव्हतं. मास्तरांनी बॅरियरच्या यादीत त्याच्या गाडीचा नंबर टाकला, तेवढीच त्याची नोंद.

जानेवारीच्या चार तारखेला मशीन सुरू झालं. पन्नास लाख वेळा पट्टी वाकवायची होती. म्हणजे दोन महिने, न थांबता. गंधार रोज पावणेसातला यायचा, रविवारीसुद्धा. मशीनच्या काउंटरवरचा आकडा वहीत लिहायचा, भिंगानं पट्टी तपासायचा आणि परत जायचा. वीस मिनिटांच्या कामाला हूफडॉर्पहून येऊन-जाऊन दीड तास.

“एक दिवस आड आलास तर काय बिघडेल?” जयप्रकाशनं मुद्दाम विचारलं.

“तडा त्याच दिवशी गेला तर? मग तो कधी गेला ते कसं सांगणार?”

हे उत्तर जयप्रकाशला आवडलं. त्या दिवसापासून तो सकाळी दोन कप चहा करू लागला. एक स्वतः घ्यायचा, दुसरा केबिनच्या बाहेर कट्ट्यावर ठेवून दार लावून घ्यायचा. गंधार कट्ट्याशी उभा राहून प्यायचा. मध्ये काच.

“काय मोजतोस रे एवढं?”

“थकवा, काका. धातूला थकवा येतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस तुटतो.”

“गोदीत आमचाही मोजायला हवा होतास.”

“तुमचा कशाला? तुम्ही पन्नास लाखांच्या पुढे गेलेला माल.”

असं चालायचं. जयप्रकाशनं त्याला आडनाव मात्र विचारलं नाही. आडनाव विचारणाऱ्याला पुढचं काय हवं असतं ते त्यानं मिरजेत, जहाजावर आणि इथल्या गणपतीच्या मंडळातही पाहिलं होतं. म्हणून त्यानं स्वतःपुरता नियम केला होता, कुणालाही आडनाव विचारायचं नाही. फोन नंबरही घेतला नाही. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कोण घेतो?

जानेवारीच्या तीस तारखेला, शनिवारी, गंधार आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता, मध्येच खोकत होता. चहा त्यानं अर्धाच प्यायला.

“टेस्ट केलीस का?”

“सोमवारी करतो. थंडी आहे नुसती.”

रविवारी जयप्रकाशला सुट्टी असायची. सोमवारी चहा कट्ट्यावर गार झाला. मंगळवारीही. जयप्रकाश वर्कशॉपमध्ये गेला. मशीन खटक, खटक करत पट्टी वाकवत होतं. गंधारची वही शेजारीच होती, शेवटचा आकडा शनिवारचा. महिनाभरात एकही दिवस मोकळा नव्हता आणि आता तीन होते.

त्यानं खिशातलं पेन काढलं आणि मंगळवारचा आकडा लिहिला.

बुधवारी तो मार्लूसकडे गेला. मास्तर आधीच कोरोनानं दवाखान्यात होते, नळ्या लावलेले. त्यांना काही विचारायची सोय नव्हती. मार्लूसनं बॅरियरची यादी उघडली. एक तारीख उलटून गेली होती. बाहेरच्या गाड्यांचा रकाना कोरा होता.

“नंबर असता तरी काय?” ती म्हणाली. “मालकाचं नाव कॉलेजला देत नाहीत. आपण गाड्यांच्या सरकारी साइटवर नंबर टाकला तर गाडीची कंपनी, रंग, वजन, सगळं दिसतं. माणूस दिसत नाही. तो फक्त पोलिसांना दिसतो.”

“मग पोलिसांना विचारतो.”

“नंबर आहे तुझ्याकडे?”

“शब्द आहे,” जयप्रकाश म्हणाला.

तिनं यादी बंद केली. “मी काही ऐकलं नाही. पण फोन कर.”

सव्वानऊला त्यानं केबिनमधून फोन लावला. समोर त्याची मराठी वही उघडी होती, डिसेंबरात लिहिलेल्या नजरच्या नोंदीवर. पलीकडची बाई धीराची होती, शांतपणे एकेक विचारत गेली. नाव? गंधार. तिला ते नीट कळलं नाही, ती पुढे गेली. आडनाव? माहीत नाही. पत्ता? हूफडॉर्प, सध्या एकटाच असतो, पुढचं माहीत नाही. गाडीचा नंबर? त्यानं आकडे सांगितले आणि मग अक्षरं, इथे फोनवर सांगतात तशी. एन निकोचा. जे योहानचा. आर रुडॉल्फचा.

“योहान?” तिनं पुन्हा विचारलं.

“योहान.”

“करडी गाडी?”

“हो, करडी.”

“एकटा राहतो म्हणता आणि खोकत होता. पाठवते कुणाला तरी. कळवू तुम्हाला.”

चार वाजता तिचा फोन आला. आमची माणसं मालकाच्या घरी जाऊन आली, ती म्हणाली. सगळं ठीक आहे. स्वतः दार उघडलं, तब्येत उत्तम आहे. याहून जास्त सांगता येणार नाही, तुम्ही समजू शकता.

जयप्रकाश समजू शकत होता. कायदा त्याला पाठ होता. त्यानं आभार मानले.

फोन ठेवल्यावर दहा मिनिटं त्याला फार बरं वाटलं. मग राग यायला लागला. तब्येत उत्तम आहे आणि मशीन सोडून घरी बसलाय? एक निरोप नाही? संध्याकाळी जेवताना तो बायकोजवळ, मीनलजवळ, बोलला.

“ही पोरं अशीच. सुरुवातीला मोठ्या गप्पा. महिना झाला की दम संपला.”

“अहो, कंटाळला असेल बिचारा. तुम्ही कशाला जीव जाळताय? तुमचा कोण तो?”

“कुणी नाही. पण धरलेलं काम असं टाकतात का?”

दुसऱ्या दिवसापासून त्यानं एकच कप चहा केला. तरी पावणेसातला तो वर्कशॉपमध्ये जायचाच. आकडा लिहायचा, भिंग घेऊन पट्टी बघायचा. पुढच्या रविवारी बर्फाचं वादळ आलं. सोमवारी बस आणि ट्राम बंद होत्या. जयप्रकाश लायडस्खेनडामच्या घरून सव्वा तास चालत आला आणि आकडा लिहिला. येईल तेव्हा वही त्याच्यापुढे टाकायची, असं त्यानं ठरवलं होतं. बोलायचं काहीच नाही. नुसती वही टाकायची.

फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला, शुक्रवारी, साडेदहाच्या सुमाराला करडी गाडी बॅरियरपाशी येऊन थांबली. दांडा उचलला गेला नाही. गाडीचा नंबर यादीत नव्हता.

जयप्रकाशनं गाडी बघितली आणि आधी किटलीचं बटण दाबलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं, राग कुठे गेला कळलं नाही. मग तो दार उघडून बाहेर आला. आत मास्क लावलेली एक बाई होती.

“नमस्कार,” ती डचमध्ये म्हणाली. “मी गंधारची बहीण. त्याचं इथे काही सामान आहे, असं त्याच्या मेलमध्ये सापडलं.”

“तो कुठाय?” जयप्रकाशनं मराठीत विचारलं.

मराठी ऐकून तिचे डोळे भरले. तिनं काच आणखी खाली केली. “गेला, काका. पंधरा दिवस झाले.”

दांडा हातानं उचलायला जयप्रकाश गाडीच्या पुढून गेला, आणि जाताना त्याची नजर सवयीनं प्लेटवर पडली. एन. झेड. आर.

मराठीत ज एकच. बोलताना जेवणातला ज वेगळा, ‘जरा’तला वेगळा, पण लिहायला अक्षर एकच. नजर म्हणताना त्याची जीभ बरोबर झेडवर जात होती. वहीत लिहिलेला ज नुसता ज होता. बुधवारी फोनवर त्यानं प्लेट आठवली नव्हती, वहीतला शब्द वाचला होता.

तिनं गाडी लावेपर्यंत तो केबिनमध्ये शिरला. कॉम्प्युटरवर साइट उघडली आणि तेच आकडे टाकले, मध्ये जे. पडद्यावर गाडी आली. रंग करडा. कंपनी दुसरीच. पोलीस कुणा दुसऱ्याच माणसाच्या दारात जाऊन आले होते, आणि तो माणूस ठणठणीत होता.

हे बघायला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती. फाउंड्रीत उस्तादानं त्याला पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवली होती, कापायच्या आधी माप पुन्हा घे. सगळ्या आयुष्यात त्यानं हे कधी चुकवलं नव्हतं.

किटली उकळून बंद झाली. तो बाहेर आला.

वर्कशॉपकडे जाताना ती बोलत होती. तिचं नाव ऋजुता, आइंडहोव्हनला असते. गंधारबरोबर खोलीत राहणारा मुलगा भारतात अडकला होता. ती आणि गंधार रविवारी बोलायचे. सात तारखेला त्यानं फोन उचलला नाही. बर्फानं गाड्या बंद. तिनं पोलिसांना त्याचा पत्ता दिला, त्यांनी दार उघडलं. डॉक्टर म्हणाले, गुरुवारी रात्री किंवा शुक्रवारी. आई-बाबांनी नाशिकहून शेवटचं सगळं पडद्यावर पाहिलं.

जयप्रकाशनं मनात वार मोजले. बुधवार. गुरुवार. शुक्रवार.

वर्कशॉपमध्ये मशीन चालू होतं. खटक, खटक. ती दारातच थांबली. “हे अजून चालूच आहे?”

“पन्नास लाखांपर्यंत चालवायचं होतं त्याला. एकोणचाळीस झालेत.”

तिनं वही उचलली. गंधारचे बारीक, तिरके आकडे बघत ती पानं उलटत गेली. मग थांबली. तीस जानेवारीच्या खाली दोन ओळी मोकळ्या होत्या, आणि त्याखाली मोठे, ठसठशीत मराठी आकडे. २ फेब्रुवारी, ३ फेब्रुवारी, ४, ५, ६. एकट्या रविवारच्या ओळी सोडलेल्या.

“हे कुणी लिहिलं?”

“मी.”

“तुम्ही रोज येत होता? म्हणजे तो येत नाही, हे तुम्हाला कळलं होतं.” तिचा आवाज चढला नाही. “पोलीस म्हणाले, त्याच्याबद्दल आधी कुणीच चौकशी केली नव्हती. मला इतके दिवस तेच खात होतं. एवढ्या माणसांत कुणालाच कसं कळलं नाही.”

गप्प राहता आलं असतं. पोलिसांकडे नोंद दुसऱ्याच गाडीची होती आणि केबिनमधली वही कॉलेजात दुसऱ्या कुणाला वाचता येणार नव्हती. ती सामान घेऊन गेली असती आणि जयप्रकाश पुढच्या वर्षी कॉलेजनं दिलेला पुष्पगुच्छ घेऊन निवृत्त झाला असता.

“चौकशी केली होती,” तो म्हणाला. “मी केली होती. बुधवारी, सकाळी सव्वानऊला.”

मग त्यानं सगळं क्रमानं सांगितलं. खेळ, वही, यादी, फोन, योहान, चार वाजताचा निरोप. आपल्याला राग आला होता तेही सांगितलं. मधलं काही गाळलं नाही.

“बुधवारी दुपारी मला त्याचा मेसेज आला होता,” ऋजुता म्हणाली. “खोकला उतरलाय, म्हणाला. मी अंगठा पाठवला. नुसता अंगठा.” तिनं वही छातीशी धरली. “तुमचं अक्षर बरोबर असतं तर तो वाचला असता का, हे मला विचारू नका, काका. मला ते सांगता येणार नाही. आणि नसता वाचला, असंही मी म्हणणार नाही.”

“नका म्हणू.”

“तो तुमच्याबद्दल आईला सांगायचा. फाटकावर एक काका आहेत, गाड्या वाचतात म्हणून.”

जयप्रकाशनं मान फिरवून मशीनकडे पाहिलं. पट्टी वाकत होती, सरळ होत होती. भिंग जागेवर होतं.

“हे बंद करू?” त्यानं विचारलं.

तिनं विचार केला. “अजून किती दिवस?”

“तेरा.”

“मग होऊ दे. शेवटचा आकडा मला कळवाल?”

“कळवतो.”

तिनं वही परत त्याच्या हातात दिली. भिंतीवर टांगलेलं गंधारचं जाकीट आणि डब्याची पिशवी मात्र घेतली. केबिनपाशी आल्यावर जयप्रकाशनं आतून कोरा कागद आणि पेन आणलं. तिनं फोन नंबर सांगितला. त्यानं तो लिहिला, वाचून दाखवला, पुन्हा वाचून दाखवला.

मग तो घुटमळला. “आडनाव?”

“मुजुमदार.”

त्यानं एबीसीडीत लिहायला सुरुवात केली. दोन अक्षरं झाल्यावर पेन थांबलं.

“जे की झेड?”

“झेड,” ती म्हणाली.

त्यानं झेड काढला. इथली माणसं काढतात तसा, मधून आडवी रेघ मारून, म्हणजे दुसरं काही वाचलं जाऊ नये. उरलेली अक्षरं लिहिली आणि कागद तिच्यासमोर धरला. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक अक्षर वाचलं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली.

जयप्रकाशनं दांडा खांद्यावर उचलून धरला. गाडी निघून गेली, वळणावर दिसेनाशी झाली, तरी तो जरा वेळ तसाच उभा होता. मग दांडा खाली ठेवून तो त्या दिवशीचा आकडा पुन्हा एकदा बघायला वर्कशॉपकडे गेला.